गव्हाचे पीठ आणि दूध : शंभर ग्रॅमच्या तक्त्यात न मावणारा हिशेब

परदेशातील मराठी घरांत मुलांच्या खाण्यावरून जे वाद होतात, ते बहुधा दोन पदार्थांभोवती फिरतात. मूल पोळी खात नाही, ही एक तक्रार. मूल दूध पीत नाही, ही दुसरी. पुण्याहून किंवा नागपूरहून चार महिन्यांसाठी आलेल्या आजीच्या मते पेलाभर दूध पोटात गेले की बाकीच्या जेवणाचे फारसे मनावर घेऊ नये. आईवडील दुकानातली पाकिटे वाचतात, तेव्हा त्यांना वेगळेच दिसते. कणकेच्या पिशवीवर शंभर ग्रॅममागे अकरा-बारा ग्रॅम प्रथिने छापलेली असतात आणि दुधाच्या बाटलीवर जेमतेम साडेतीन. हे दोन आकडे शेजारी ठेवले की दुधाला आजवर विनाकारण मोठेपणा मिळाला, असे कोणालाही वाटेल. काही घरांत त्या भरवशावर दूध बंद होते. काही घरांत मूल रोज लिटरभर दूध पिते म्हणून पोळी-भाजीची काळजी सोडून दिली जाते. आकडे दोन्हीकडे खरे असतात. तुलना मात्र फसवी असते.

फसगतीचे पहिले कारण म्हणजे पाणी. दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते, तर कणकेत ११-१२ टक्के. शंभर ग्रॅम दुधातून पाणी वजा केले, तर हाती साडेबारा-तेरा ग्रॅम घन पदार्थ उरतो आणि त्याचा चौथा हिस्सा प्रथिनांचा असतो. कणकेतले पाणी वजा केले, तरी प्रथिनांचे प्रमाण बारा-तेरा टक्क्यांच्या आसपासच राहते. म्हणजे कोरड्या मापाने मोजले तर दूध कणकेच्या दुप्पट भरते, आणि ओल्या मापाने मोजले तर कणीक दुधाच्या तिप्पट. दोन्ही हिशेब गणिताने बरोबर आहेत. पण कोरडी कणीक कोणी फाकत नाही आणि घरचे दूध आटवून त्याची भुकटी कोणी खात नाही, म्हणून तुलना ताटातल्या मापाने करावी हे बरे.

एका मध्यम पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते. दोन पोळ्यांत ६० ग्रॅम कणीक गेली, तर त्यांतून सुमारे २०० किलोकॅलरी ऊर्जा, साडेसहा ग्रॅम प्रथिने, सहा-साडेसहा ग्रॅम तंतू, अडीच मिलिग्रॅमच्या आसपास लोह आणि जेमतेम १८-२० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. वरून लावलेले तूप यात धरलेले नाही. गायीच्या साईसकट दुधाच्या २०० मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे १३० किलोकॅलरी, साडेसहा-पावणेसात ग्रॅम प्रथिने आणि २४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तंतू मुळीच नसतात आणि लोह नगण्य असते. दोन पोळ्या आणि एक पेला दूध यांतली प्रथिने जवळजवळ सारखीच, हा निष्कर्ष पाकिटावरच्या आकड्यांवरून सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हशीचे दूध वापरणाऱ्यांनी स्निग्धांश आणि ऊर्जा बरीच वाढवून धरावी. प्रथिने व कॅल्शियम थोडेच वाढते.

मात्र दोन्हीकडची साडेसहा ग्रॅम प्रथिने सारखी नसतात. प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात आणि त्यांतली नऊ आपल्या शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच यावी लागतात. या नवांपैकी एखादे कमी पडले, तर बाकीची कितीही मुबलक असली तरी शरीराची बांधणी त्या कमी पडलेल्या आम्लाच्या मापाने होते. गव्हात कमी पडणारे अमिनो आम्ल म्हणजे लायसीन. गव्हाच्या एक ग्रॅम प्रथिनात ते सुमारे २७ मिलिग्रॅम असते, दुधाच्या प्रथिनात सुमारे ७८. जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली सुचवलेल्या मापानुसार तीन वर्षांवरील मुलांच्या व प्रौढांच्या आहारातील प्रथिनांत ते ग्रॅममागे ४८ मिलिग्रॅम असावे. त्याहून लहान मुलांसाठी माप आणखी वरचे आहे.

हे ज्ञान आले ते अमेरिकेतल्या कनेटिकटमधून. थॉमस ऑस्बोर्न आणि लाफायेट मेंडेल या दोन रसायनशास्त्रज्ञांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास उंदरांना गव्हातील ग्लायाडिन हे एकमेव प्रथिन दिले. उंदीर मेले नाहीत, वाळलेही नाहीत. ते होते तेवढेच राहिले. त्याच आहारात लायसीन मिसळताच थांबलेली वाढ पुन्हा सुरू झाली. पूर्ण वाढलेल्या माणसाला निव्वळ गव्हावर बराच काळ निभावता येईल, पण वाढत्या देहाला येणार नाही, हे त्या पिंजऱ्यांतून प्रथम स्पष्टपणे दिसले. आपल्या पोळीत ग्लायाडिनखेरीज इतरही प्रथिने असतात, त्यामुळे तिची अवस्था इतकी वाईट नाही. तरी लायसीनची उणीव आहेच.

आता वरचाच हिशेब पुढे नेऊ. दोन पोळ्यांत लायसीन सुमारे १७५ मिलिग्रॅम, एका पेला दुधात सुमारे ५२०. दोन्ही एकत्र खाल्ले, तर तेरा ग्रॅम प्रथिनांत सातशेच्या आसपास लायसीन येते. म्हणजे ग्रॅममागे पन्नासहून थोडे अधिक, आणि ४८ चे माप पार पडते. दुधात पोळी कुस्करून मुलाला भरवणाऱ्या बायकांनी लायसीनचे नाव ऐकलेले नव्हते, पण त्यांचे मिश्रण अगदी मापात होते. दूध न पिणाऱ्यांनी यावरून घाबरण्याचे कारण नाही. तुरीच्या डाळीच्या प्रथिनातही लायसीन भरपूर असते. दोन पोळ्यांबरोबर २५ ग्रॅम डाळीचे घट्ट वरण घेतले, तर हेच माप जवळपास गाठले जाते. वरण पातळ असेल तर गाठले जात नाही, आणि आपल्याकडची बरीचशी वरणे फारच पातळ असतात, एवढे मात्र म्हटले पाहिजे.

प्रथिनांचे कोडे असे सुटते. खनिजांचे इतके सरळ सुटत नाही. ब्रिटनमध्ये प्रौढांसाठी रोज ७०० मिलिग्रॅम कॅल्शियम सुचवले आहे, अमेरिकेत व भारतात १०००. साध्या कणकेत शंभर ग्रॅममागे ते ३० मिलिग्रॅमच्या आसपास असते. ७०० मिलिग्रॅम केवळ कणकेतून मिळवायचे, तर रोज सव्वादोन किलो कणकेच्या पोळ्या खाव्या लागतील. दुधाचे तीन पेले तेच काम करतात. उलट लोहाचे पाहा. पाळी सुरू असलेल्या वयातल्या स्त्रीला ब्रिटिश मापाने रोज १४.८ मिलिग्रॅम लोह लागते. ते दुधातून मिळवायला दहा-वीस लिटरही पुरणार नाहीत. मूल रोज लिटरभर दूध पिते याचा ज्या घरांत अभिमान वाटतो, तिथे नेमका हाच धोका असतो. पोट दुधाने भरते, लोहाचे पदार्थ मागे पडतात, आणि गुटगुटीत दिसणाऱ्या मुलाच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघते. पहिल्या वाढदिवसापूर्वी गायीचे दूध मुख्य पेय म्हणून देऊ नये, हा सल्ला यासाठीच दिला जातो. पुढेही दोन-तीन वर्षांच्या मुलाने अर्ध्या लिटरच्या फार पुढे जाऊ नये.

कणकेतले लोहसुद्धा सगळे आपल्या पदरी पडत नाही. गव्हाच्या कोंड्यात फायटिक आम्ल असते आणि ते लोह, जस्त व कॅल्शियम यांना धरून ठेवते. यीस्टने पीठ आंबवले की या आम्लाचा काही भाग मोडतो, म्हणून ब्रेडमध्ये त्याचा जाच कमी होतो. पोळी आंबवलेली नसते, त्यामुळे तिच्यात ते बव्हंशी तसेच राहते. त्यात सकाळच्या चहा-पोळीची भर पडते. चहातली टॅनिने लोह अडवतात आणि दुधातले कॅल्शियमही त्याच जेवणातल्या लोहाच्या शोषणात अडथळा आणते. पोळीबरोबर लिंबू पिळलेली उसळ किंवा कोशिंबीर असेल, तर ‘क’ जीवनसत्त्वामुळे शोषण सुधारते. चहा तासाभराने घेतला तर अधिक बरे. चहा-पोळी सोडा, असे मराठी माणसाला सांगण्याचे धाडस मी करणार नाही.

फायटिक आम्लाची ही गोष्ट ब्रिटनमध्ये थेट कायद्यापर्यंत पोहोचली, आणि तिचा आपल्या स्वयंपाकघराशी आजही संबंध आहे. दुसऱ्या महायुद्धात जहाजांची टंचाई झाली. गहू वाचवण्यासाठी सरकारने कोंड्याचा अधिक भाग असलेले पीठ वापरात आणले. त्याच काळात केंब्रिजमध्ये रॉबर्ट मॅकॅन्स आणि एल्सी विडोसन यांनी स्वतःवर व सहकाऱ्यांवर प्रयोग करून पाहिले की तपकिरी ब्रेड खाणाऱ्यांच्या शरीरात कॅल्शियम कमी शोषले जाते, आणि फायटिक आम्ल काढून टाकले की शोषण सुधारते. हे निष्कर्ष १९४२ साली प्रसिद्ध झाले. उपाय म्हणून पिठात कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे साधा खडू, मिसळण्याचा निर्णय झाला. तो नियम आजही टिकून आहे. १९९८ च्या ब्रेड व पीठ नियमांनुसार शंभर ग्रॅम पिठात २३५ ते ३९० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट घालावे लागते आणि त्याबरोबर लोह, थायमिन व नायसिनही. याचा परिणाम असा, की ब्रिटनमधल्या पांढऱ्या पिठात वजनामागे कॅल्शियम दुधाइतकेच, कधी किंचित जास्तच असते. जे पीठ आपण निःसत्त्व मैदा म्हणून बाजूला सारतो, ते या एका बाबतीत दुधाच्या पंगतीला बसते.

या नियमाला एक अपवाद आहे : संपूर्ण गव्हाच्या पिठात काहीही मिसळण्याची सक्ती नाही. ज्या पिठात फायटिक आम्ल सर्वांत जास्त, त्यालाच खडू नाही, असा हा विरोधाभास आहे. भारतीय दुकानांतल्या कणकेच्या बाबतीत तो फार महत्त्वाचा ठरतो. ‘मीडियम’ नावाने विकली जाणारी कणीक संपूर्ण गव्हाची नसते, त्यामुळे तिच्या घटकांच्या यादीत कॅल्शियम कार्बोनेट, लोह, नायसिन आणि थायमिन ही चार नावे दिसतात. ‘होलमील’ असे लिहिलेल्या पिशवीत बहुधा फक्त गहू असतो. पहिल्या कणकेच्या दोन पोळ्यांतून ८० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळते, दुसरीच्या दोन पोळ्यांतून वीसही नाही. तंतूंचा हिशेब मात्र उलटा आहे. दूध अजिबात न घेणाऱ्या घरात हा फरक लहान नव्हे. २०२४ साली ब्रिटनमध्ये झालेल्या दुरुस्तीप्रमाणे संपूर्ण गव्हाखेरीजच्या पिठात फोलिक आम्लही घालावे लागणार असून त्यासाठी २०२६ च्या अखेरपर्यंतची मुदत आहे. अमेरिकेत ‘एनरिच्ड’ पिठात फोलिक आम्ल १९९८ पासून सक्तीचे आहे, पण कॅल्शियमची सक्ती तिथे नाही. आणि तिथेही संपूर्ण गव्हाची कणीक या सक्तीबाहेरच राहते.

दुधाचेही देशागणिक असेच वेगवेगळे रूप असते. अमेरिकेत बाजारातल्या बहुतेक दुधात ‘ड’ जीवनसत्त्व मिसळलेले असते, ब्रिटनमध्ये साध्या दुधात ते सहसा नसते. आयोडीनची गोष्ट याहून कमी जणांना ठाऊक असते. भारतात घरगुती मीठ आयोडीनयुक्त असते, त्यामुळे आपण त्याचा विचारच करत नाही. ब्रिटनमधल्या दुकानांत मिळणारे नेहमीचे मीठ तसे नसते, आणि इथल्या लोकांना आयोडीन मिळते ते मुख्यतः दूध व दुग्धजन्य पदार्थांतून. एका पेल्यातून प्रौढ माणसाच्या रोजच्या गरजेचा सुमारे तिसरा हिस्सा भागतो. मासे न खाणारे कुटुंब भारतातून इथे आले आणि त्याने दूधही सोडले, तर आयोडीनच्या दोन्ही वाटा एकदम बंद होतात. गरोदर स्त्रीच्या बाबतीत हे गंभीर आहे. बी-१२ चेही तसेच. गव्हात ते नसते, डाळी-भाज्यांतही नसते. शाकाहारी घरात दूध, दही, ताक हेच त्याचे मुख्य साधन असते.

मग मुलांची वाढ खरोखर कशाने होते? या प्रश्नावर झालेले दोन जुने प्रयोग मला फार बोलके वाटतात. १९३० साली स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशायर परगण्यात सुमारे वीस हजार शाळकरी मुलांवर चार महिने प्रयोग झाला. दहा हजार मुलांना रोज पाऊण पाइंट, म्हणजे सव्वाचारशे मिलिलिटरच्या आसपास दूध मिळाले. दहा हजारांना मिळाले नाही. दूध प्यालेली मुले अधिक वाढली, असा निष्कर्ष निघाला आणि तो गाजला. पुढच्याच वर्षी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या विल्यम गॉसेट या संख्याशास्त्रज्ञाने त्यातली खोच दाखवली. मुलांची विभागणी नीट झाली नाही असे वाटल्यास ती बदलण्याची मुभा शिक्षकांना दिली होती. ज्या मुलांना दूध मिळाले नाही, ती आरंभीच उंचीने व वजनाने सरस होती. म्हणजे शिक्षकांनी, बहुधा दयेपोटी, रोडक्या व गरीब मुलांना दुधाच्या गटात बसवले होते. शिवाय मुलांचे वजन कपड्यांसकट केले होते, आणि फेब्रुवारीतले जाड कपडे जूनमध्ये ज्यांच्या अंगावरून उतरतात ती मुले बहुधा सुखवस्तू घरांतली. आकडे वीस हजारांचे होते, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष कच्चा राहिला.

दुसरा प्रयोग युद्धोत्तर जर्मनीतला. विडोसन आणि मॅकॅन्स यांनीच ड्युइसबुर्ग आणि वुपरटाल परिसरातल्या अनाथाश्रमांत, चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस, उपासमारीतून आलेल्या मुलांना पाच प्रकारच्या पिठांचा ब्रेड हवा तेवढा खायला दिला. संपूर्ण गव्हापासून पांढऱ्या शुभ्र पिठापर्यंत सगळे प्रकार त्यात होते. ऊर्जेचा सुमारे तीन चतुर्थांश वाटा ब्रेडचा होता, दूध व इतर प्राणिज पदार्थ अगदी थोडे होते, आणि जोडीला बटाटे-भाज्या होत्या. मुले झपाट्याने सुधारली आणि पाचही गट सारखेच वाढले. गव्हाचे पक्षपाती हा प्रयोग आवडीने सांगतात, पण त्यातली एक गोष्ट गाळतात : पिठांत कॅल्शियम मिसळलेले होते आणि मुलांना ‘अ’, ‘क’ व ‘ड’ जीवनसत्त्वे वेगळी दिली जात होती. दुधातून मिळणाऱ्यापैकी बरेच काही अशा रीतीने दुसऱ्या मार्गाने ताटात आले होते. शिवाय ब्रेड पोटभर होता. ज्या मुलाला पुरेशी ऊर्जा मिळत नाही, त्याची प्रथिने वाढीऐवजी इंधन म्हणून जळतात.

‘ड’ जीवनसत्त्वाचा उल्लेख दोनदा आला, तो योगायोगाने नव्हे. साठ-सत्तरच्या दशकांत ग्लासगोत आणि इंग्लंडच्या औद्योगिक शहरांत भारतीय उपखंडातून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांना मुडदूस होऊ लागला. पहिला संशय चपातीवर गेला. १९७२ मध्ये ग्लासगोच्या डॉक्टरांनी काही रुग्णांना चपाती बंद करून पाहिली आणि रक्तातली लक्षणे सुधारल्याचे नोंदवले. पुढे चपातीच्या पिठातच ‘ड’ जीवनसत्त्व मिसळून पाहिले गेले, त्याचाही उपयोग झाला. पण देशभर तसे करण्याचे धोरण मात्र झाले नाही. ग्लासगोने १९७९ पासून ‘ड’ जीवनसत्त्व मोफत वाटण्याची मोहीम घेतली आणि मुडदूस झपाट्याने कमी झाला. मूळ कारण उत्तरेकडच्या फिक्या उन्हात आणि सावळ्या त्वचेत होते. चपातीतल्या फायटिक आम्लाने त्यात भर घातली होती. आजही ब्रिटनमध्ये हिवाळ्यात सर्वांनी आणि आपल्यासारख्या वर्णाच्या लोकांनी वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम ‘ड’ जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा, असा सरकारी आरोग्यसेवेचा सल्ला आहे. इथली साधी कणीक आणि इथले साधे दूध, दोन्ही याबाबतीत रिकाम्या हाताने येतात. दूध पाजले म्हणून हाडांची काळजी मिटली, हे ब्रिटनमध्ये तरी खरे नाही.

ज्यांना यांतला एखादा पदार्थ सोसत नाही, त्यांचा प्रश्न वेगळा आहे. सीलिॲक विकार असलेल्यांना गहू पूर्णपणे वर्ज्य आहे. त्यांना ज्वारी-बाजरीची भाकरी हा उत्तम पर्याय आहे, मात्र पीठ गव्हाच्या गिरणीत दळलेले नसावे. दुग्धशर्करा न पचणाऱ्यांना दही, ताक आणि मुरलेले चीज बहुधा चालते. ओटच्या दुधाकडे वळणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की ते दूध या लेखातल्या दुधापेक्षा पिठाच्या जवळचे आहे. धान्य भिजवून, दळून, गाळून केलेले ते पातळ पेय असते. त्यात शंभर मिलिलिटरला प्रथिने बहुधा एक ग्रॅमच्या आसपास असतात, आणि लायसीनच्या बाबतीत ते धान्याच्याच कुळातले. त्यातले कॅल्शियम बाहेरून घातलेले असते. सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक खोक्यांत तेही नसते. आयोडीन आणि बी-१२ काही कंपन्या घालतात, काही घालत नाहीत. खोक्याच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचून ते निवडावे, आणि ओतण्यापूर्वी खोके चांगले हलवावे, कारण मिसळलेला खडू तळाशी बसतो.